दिवसा सांगितलेला सायाळ

मूळ पिक्चरमध्ये सायाळाचं काम चार मिनिटांचं. राजकन्या जंगलात वाट चुकते, एक सायाळ येतो, तिला वेशीपर्यंत सोडतो आणि निघून जातो. पण लेकरांचं काही सांगता येतं का? राजकन्या राहिली बाजूला, लेकरं सायाळासाठीच हट्टाला पेटली. मग ज्यांनी तो पिक्चर काढला, त्या नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या सात माणसांच्या स्टुडिओत ठरलं, की आता एकट्या सायाळाचाच वेगळा ॲनिमेशन पिक्चर काढायचा, आणि तो तनुजानं करायचा.

तिनंच करायचा, कारण सायाळ तिच्या घरचा. तनुजाचे आईवडील लवकर गेले. कंधारच्या हणमंतराव मामांनी आणि केवळाबाई मामींनी तिला वाढवलं. मामा एसटीत कंडक्टर, सव्वीस वर्षं नांदेड-कंधार गाडीवर काढलेली. रात्री जेवणं झाली की ते सायाळाची गोष्ट सांगत. हा सायाळ दर फाट्यावर अंगावरचा एक काटा टाकत पुढं जायचा आणि काटे वेचत घरी यायचा. गोष्टीला नेम एकच, ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं. हूं थांबलं की मामा गोष्ट जिथल्या तिथं टाकून उठायचे. तनुजाला रोज मध्येच झोप लागायची, त्यामुळे सायाळ घरी पोचलेला तिनं फार कमी वेळा ऐकला होता.

चित्रं हलवायची तर आधी कच्चा आवाज लागतो. साध्या माणसाकडून सगळं बोलून घ्यायचं, त्याच्या लयीवर पिक्चर रचायचा, आणि शेवटी नावाजलेल्या नटाचा आवाज त्या जागी बसवायचा. त्या कच्च्या आवाजासाठी तनुजानं मामांना बोलावून घेतलं. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते.

माइकसमोर बसल्यावर मामा अडले. "तनू, गोष्ट दिवसा सांगत न्हाईत गं माय. ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो म्हणत्यात."

"सव्वीस वर्षं एकाच रस्त्यावर तिकिटं फाडली तुम्ही. तुम्ही कसले चुकताय!" तनुजा हसली.

मामाही हसले. "ते बी खरंच म्हणा. पण मग हूं कोण म्हणणार?"

"कोणीच नाही. इथं दुसरा आवाज चालत नाही. म्हणतंय कोणीतरी, असं समजायचं."

मामांनी डोळे मिटून एक्केचाळीस मिनिटं गोष्ट सांगितली. प्रत्येक वाक्यानंतर हूंपुरतं थांबत होते, सवयच ती. काचेच्या अलीकडे तनुजा आणि आवाजाचं काम बघणारा सत्यम तोंडाला कुलूप लावून बसले होते. झाल्यावर मामांनी सत्यमच्या डब्यातला चुरमुऱ्यांचा सुशीला बोटं चाटत खाल्ला आणि अडीचच्या गाडीला निघाले.

दुसऱ्या दिवशी सत्यमनं तिला हाक मारली. "ताई, हे ऐका जरा. कोणतरी हूं करून राहिलंय."

खरंच होतं. मामांचं वाक्य संपलं की हूं. म्हातारा, दमलेला आवाज. आधी नाकातून श्वास, मग हूं.

"मामाच म्हणत असतील, सवयीनं."

"मलाबी तसंच वाटलं. पण पाच जागी मामांचं वाक्य संपायच्या आधीच हूं चालू झालंय. एका माणसाला दोन तोंडं असतात का, ताई?"

तनुजा असल्या गोष्टी मानणारी नव्हती. माइक खराब असेल, वायर ढिली असेल. "काढून टाक," ती म्हणाली. सत्यम हात लावायला तयार होईना, तेव्हा ती स्वतः बसली. दोनशे बारा हूं तिनं एकेक करून पुसले. मधल्या रिकाम्या जागा मात्र ठेवल्या, कारण सायाळाची चाल त्या लयीवर बसवायची होती. शेवटचं हूं पुसत होती तेव्हा मामींचा फोन आला.

"अगं, हे काल तुझ्याकडंच राहिले का? अजून आले न्हाईत घरी."

मग जे व्हायचं ते सगळं झालं. पोलीस झाले, बसस्टँडवरचे कॅमेरे झाले. कॅमेऱ्यात मामा कंधारच्या गाडीत चढताना नीट दिसत होते. कंधारला मात्र त्या गाडीतून उतरले नाहीत. दोन दिवसांनी कंधारच्या उलट दिशेला असलेल्या हिमायतनगरच्या एका चहावाल्यानं फोटो ओळखला. म्हणाला, हे आजोबा कंधारची गाडी विचारत होते, मीच बसवून दिलं. चौथ्या दिवशी मामांचाच फोन आला, कुणाच्या तरी मोबाईलवरून.

"तनू, गाडी बरोबर हाय माय. पाटी बी बरोबर हाय. पण मी उतरलो की कंधार नसतंय."

"मामा, तिथंच थांबा! कुठं आहात?"

फोन कट झाला. तो नंबर पुन्हा कधी लागला नाही.

तनुजाला रडू आलं नाही. आपण हसलो होतो, एवढंच तिला रोज आठवायचं, आणि त्यातलंही दुःख हळूहळू बोथट होत गेलं. सकाळी नऊला यायचं, सायाळाच्या पाठीवरचे काटे हलवायचे, सहाला उठायचं. रविवारी कंधारला जाऊन मामींसमोर बसायचं. मामी दोघींना वाढायच्या आणि तिसरं ताट झाकून ठेवायच्या. पुण्याचा नट येऊन आवाज देऊन गेला. मामांचा कच्चा आवाज पिक्चरमधून निघाला. तिला तेव्हाही काही वाटलं नाही.

चौदा महिन्यांनी पिक्चर तयार झाला. पहिला खेळ लातूरला, शाळेच्या तीनशे लेकरांसाठी, सकाळी साडेअकराचा.

दिवे गेले. "एक होता सायाळ," नट म्हणाला आणि ठरलेल्या जागी थांबला.

पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. "हूं."

दुसऱ्या वाक्याला दहा-बारा हूं आले. पाचव्या वाक्याला सगळा हॉल. तीनशे लेकरं, डोळे पडद्यावर, एका सुरात. बाई उठल्या, गप्प बसा म्हणाल्या. लेकरं खोड्या काढत नव्हतीच. त्यांचं बाईंकडे लक्षही नव्हतं.

सत्यम तिच्या कानाशी वाकला. "ताई, यांना कोणी शिकवलं?"

तनुजाचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

दोनशे बाराव्या हूंला सायाळानं शेवटचा काटा उचलला आणि तो घरात शिरला.

तिचा फोन थरथरला. मामी होत्या. तनुजा धावतच हॉलबाहेर आली.

"तनू, हे आलेत."

ती पायरीवर बसली. चौदा महिन्यांचं रडू एकदम आलं. "बरे आहेत ना, मामी? कुठं होते?"

"काय की बाई. आत्ता दारातून आले. तोच सदरा हाय. बोटाला हळद हाय, काहीतरी खाल्ल्यावानी. वास घेतला तर सुशीलाचा."

"त्यांना द्या फोन. मामा? मी तनू."

आधी नाकातून श्वास. "हूं."

"मामा, माझं चुकलं हो. मी तेव्हा हसायला नको होतं."

"हूं."

तो आवाज तिला ओळखू आला. दोनशे बारा वेळा ऐकून ऐकून पुसला होता तिनं.

ती गप्प झाली. पलीकडे बाज करकरली. फोन पुन्हा मामींच्या हातात आला.

"थांबू नको गं, बोलत राहा! हे आल्यापास्नं मी तेच करून राहिले. बोलायचं थांबलं की हे उठून दाराकडं जायलेत. आत्ता बी उठले बघ. तनू, बोल की काहीतरी!"

हॉलच्या पायऱ्यांवर दुपारचं कडक ऊन पडलं होतं. सव्वाबारा वाजले होते.

"स्पीकरवर टाका, मामी," तनुजा म्हणाली. तिनं डोळे मिटले. "एक होता सायाळ."

बाज पुन्हा करकरली, कोणी परत टेकल्यासारखी.

"हूं," मामा म्हणाले.