समोरून घेतलेले माप

दुकानाच्या दारातून एक मोठा ड्रम आत येऊ लागला आणि मध्येच अडकला. त्याच्यामागे कोणीतरी असले पाहिजे, असा निष्कर्ष काढण्यास खाली दिसणारे चपलांतले दोन पाय पुरेसे होते.

"जरा तिरका करा," दुरुस्तीच्या टेबलामागून कारागीर म्हणाला.

"केलाय," ड्रमने उत्तर दिले.

"मग थोडा उचला."

"उचललेलाच आहे हो! उगाच का एवढ्या धापा टाकतेय?"

कारागिराने आतून जोर लावला. ड्रम सुटला, त्याच्यासह तो मागच्या मांडणीवर आदळला, दोन बासऱ्या घरंगळल्या... आणि समोर ती उभी होती. कपाळावर घाम, आणि केसांत दाराच्या चौकटीवरचे कोळ्याचे जाळे.

"तुमच्या केसांत जाळं आहे."

"तुमच्याच दाराचं आहे. ठेवून घ्या परत."

ती कानांच्या दवाखान्यात श्रवणचाचणी घेत असे. दिवसभर लोकांना 'ऐकू येतंय का?' असे विचारणे हा तिचा व्यवसाय. संध्याकाळी ती घरी ड्रम वाजवायला बसली की शेजारी न विचारताच ओरडून सांगत, 'येतंय!'

ज्या अडचणीसाठी ती सगळा संचच घेऊन आली होती, ती थोडक्यात अशी होती. मामांनी दिलेल्या त्या संचातला छोटा ड्रम स्वतंत्र स्टँडवर उभा असे, आणि गाण्याला रंग चढला की तो स्टँड चालू लागे. मागच्या कार्यक्रमात तो चालत चालत थेट गायकाच्या पायावर जाऊन कोसळला होता. गायकाने उरलेले गाणे नको इतक्या वरच्या पट्टीत संपवले आणि मंचावरून उतरल्यावर बजावले, "शनिवारपर्यंत सेट बदल, नाहीतर आम्ही ड्रमर बदलू."

"बदला की!" कारागिराच्या काकू गल्ल्यावरून उठल्या. दुकान त्यांचे होते. "तो लाल सेट बघा. त्याच्यामागे बसलात की राणी दिसाल."

"मला दिसायचं नाही काकू, ऐकू जायचंय."

तरी ती त्या लाल संचामागे बसली. वाजवून पाहिले. डोळे मिटून ऐकले. मग काठ्या हलकेच खाली ठेवल्या. "छान आहे. पण... पाहुण्यांच्या घरी अवघडून बसल्यासारखं वाटतंय. मामांच्या ड्रमचा ठोका छातीत नेमका कुठे लागतो, ते मला माहीत आहे."

"मग नवा घेऊच नका," कारागीर म्हणाला. "छोटा ड्रम मोठ्या ड्रमवरच बसवू. एक भोक, एक क्लॅम्प, एक दांडा. जागचा हलणार नाही."

काकूंनी त्याच्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "हा माझा पुतण्या. गिऱ्हाईक मी आणते, घालवायचं खातं याच्याकडे."

ती डावखुरी होती. त्यामुळे छोटा ड्रम नेहमीच्या बाजूला बसवून चालणार नव्हते. तो तिच्या उजव्या हाताला हवा होता. माप नेमके हवे, म्हणून तिने संच मांडून वाजवावे आणि कारागिराने कागदावर आकृती काढावी, असे ठरले. एका बैठकीत संपणारे हे काम पुढच्या संध्याकाळी, आणि त्याच्याही पुढच्या संध्याकाळी चालू राहिले. कारागीर तिच्यासमोर स्टूल टाकून बसे.

"हात वर घ्या... तसाच ठेवा."

"किती वेळ?"

"माप घेतोय."

"मोजपट्टी तर खिशात आहे तुमच्या."

"आधी... नजरेनं घेतो."

"कोपराचं माप ना? मग नजर कोपरावर असू द्या की."

तो घाईघाईने कागदावर वाकला. ती हसली, आणि हात मात्र तसाच ठेवला—सांगितल्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

शुक्रवारी काम पूर्ण झाले. ती मोठ्या ऐटीत ड्रममागे बसली. सवयीने काठी जिथे गेली, तिथे ड्रम नव्हताच! काठी हवेतून फिरली, हातातून निसटली, काकूंच्या कानाजवळून गेली आणि लाल संचाच्या झांजेवर आदळली.

"बघा, किती गोड वाजतो!" काकू तत्काळ म्हणाल्या.

छोटा ड्रम चुकीच्या बाजूला बसला होता. कारागिराने आकृती उचलून पाहिली. त्यात रेघ न् रेघ बरोबर होती. फक्त ती समोर बसून काढलेली होती, आणि भोक पाडताना तो ड्रममागे, तिच्या जागी उभा होता. तिच्या उजव्या बाजूचे भोक त्याने डावीकडे पाडले होते.

"लाकडाला पडलेलं भोक, ते काय आता शिवून देणार आहेस?" काकूंनी विचारले.

तिने उरलेली काठी खाली ठेवली. "उद्या कार्यक्रम आहे. हा सेट नाही, तर मीही नाही. माप वाजवणाऱ्याच्या बाजूनं घ्यायचं, हे मलासुद्धा कळतं. तुम्हाला कसं नाही कळलं?"

"कळत होतं."

"मग समोर का बसलात?"

त्याने पान्याकडे पाहिले. पान्याने काही मदत केली नाही.

"मागून... तुमचा चेहरा दिसत नाही."

"मी चहा टाकते," काकू म्हणाल्या, आणि तसूभरही हलल्या नाहीत.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही?"

"आलं. माझे कान उत्तम आहेत. तरी सांगा."

त्याने पुन्हा सांगितले. या वेळी इतके स्पष्ट, की रस्त्यावरून जाणारे एक गृहस्थ क्षणभर थबकले.

ती पटकन खाली वाकली. ड्रमची पाहणी करण्यासाठी की लाल झालेला चेहरा लपवण्यासाठी, हे निश्चित सांगता येणार नाही. पण ड्रमकडे तिने खरोखरच पाहिले असावे. कारण थोड्या वेळाने तिने विचारले, "भोक दोन्ही तोंडांपासून सारख्या अंतरावर आहे ना?"

"हो. अगदी मधोमध."

"मग रडताय कशाला? ड्रमच फिरवा. मागचं तोंड पुढे घ्या. डावीकडचं भोक आपोआप उजवीकडे येईल."

कारागिराने बोटाने हवेतच ड्रम फिरवून पाहिला. "पण... ड्रमचे पाय उलट्या टोकाला येतील."

"मग नवी भोकं पाडून पाय पुढच्या टोकाला लावा. भोकं पाडता येतात तुम्हाला, ते पाहिलंय. या वेळी फक्त आधी विचारा."

त्याने प्रत्येक भोकाआधी विचारले. तिने प्रत्येक वेळी हो म्हटले. मग दोघांनी मिळून ड्रम उभा केला, आणि तिने असा काही वाजवला की बासऱ्या पुन्हा घरंगळल्या. छोटा ड्रम जागचा हलला नाही. काकूंनी एक सुस्कारा सोडला आणि लाल संचावर कापड पांघरले.

कारागीर समाधानाने आपल्या स्टुलाकडे निघाला.

"कुठे?"

"समोरून बघतो... सरळ बसलाय का."

"नको," ती म्हणाली आणि आपल्या आसनावर किंचित सरकली. "इकडे ये. माझ्या बाजूला."

"इथून चेहरा—"

"दिसेल. जवळ तर बस."