जर्मनची झाकणं

खरं प्रेम मनातला सगळा कोलाहल शांत करतं. माझ्या बाबतीत त्याने फक्त माझी गिटार शांत केली, आणि तीसुद्धा ऐन रिसेप्शनच्या तोंडावर.

गिटार भुणभुणत होती, एवढीच माझी तक्रार. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली आवाज पकडणारे पिकअप असतात. माझे उघडे होते, त्यामुळे हॉलमधली प्रत्येक ट्यूबलाइट त्यांच्यातून बोलायची. पापडीच्या आमच्या बँडचे ॲन्सेल्म अंकल म्हणाले, "हेमांगी, रविवारी रिसेप्शनला वाजवताना भुणभुण आली तर तू खुळखुळा वाजव."

बोटांना घट्टे पडले माझ्या. आणि खुळखुळा!

उपाय त्यांनीच सांगितला: पिकअपवर जर्मन सिल्व्हरची झाकणं बसवायची आणि अर्थिंगला जोडायची.

तुळिंजला पाऊस चुकवायला मी एका दुकानात शिरले, ते नेमकं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं निघालं. काउंटरमागे देवेंद्र.

"आत या ना, गिटार भिजतेय," तो म्हणाला.

मीही भिजत होते. ते त्याला दिसलं नाही.

"हिच्या पिकअपवर झाकणं बसवता येतील?"

"इंजिनिअर आहे मी."

"ते विचारलं नव्हतं."

"येतील... कसली हवीत?"

"जर्मन सिल्व्हरची."

"जर्मनची? सोपं आहे. घरातच आहे."

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली. मी खळीकडे बघत राहिले आणि 'घरात' म्हणजे कुठे, हे विचारायचं राहून गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी गेले. झाकणं चकचकीत होती, कडा निगुतीने दुमडलेल्या. "हात लावून बघा," तो म्हणाला. आमची बोटं एकाच झाकणावर आली... आणि जरा जास्तच वेळ राहिली.

मग त्याने ॲम्प्लिफायर लावला. गिटार गोधडीत तोंड खुपसून गात होती. भुणभुण मात्र पहिल्यापेक्षा खणखणीत.

"हे काय आहे?"

"अं... सोल्डर धरेना. म्हणून चिकटवली."

"चिकटवली? मग अर्थिंग? अहो, जर्मन सिल्व्हरवर सोल्डर धरतं!"

"सिल्व्हर? ते तुम्ही... लाडाने म्हणताय असं वाटलं."

लाडाने! या इंजिनिअरने जर्मन सिल्व्हर म्हणजे जर्मनची पातेली समजून चक्क ॲल्युमिनियम कापलं होतं. मी त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते संपायच्या आत लाइट गेले. ॲम्प्लिफायर बंद पडला.

"बघा," अंधारातून आवाज आला, "गेली की नाही भुणभुण?"

मला हसू आलं. त्याचा मला आजही राग आहे.

"रविवारी मी... येऊ का ऐकायला?"

"खुळखुळा ऐकायला?"

"तुम्ही जे वाजवाल ते — म्हणजे, तुम्ही वाजवणार असाल तर..."

वाक्य पुरं व्हायच्या आत मेणबत्ती घेऊन त्याची आई जिना उतरली.

"देवा, माझ्या दुधाच्या पातेल्याचं झाकण कुठंय रे? सकाळपासून शोधतेय."

मेणबत्ती गिटारपाशी आली आणि तिथेच थांबली. मग माझ्या तोंडापाशी आली.

"या मुलीसाठी कापलंस?"

"गिटारसाठी," तो म्हणाला.

एवढं सगळं करून श्रेय गिटारला!

"माझ्यासाठी," मी ठणकावलं. "माझ्यासाठीच कापलंय. नसेल तर सांगू देत."

मेणबत्तीच्या उजेडात नुसती खळी दिसली. आई म्हणाली, "मग आता बस. चहा पिऊन जा. दूध उघडंच आहे."

रविवारी मी खुळखुळा वाजवला. सगळ्या हॉलमध्ये एकच माणूस वन्स मोअर ओरडत होता. अंकलनी त्याला दोनदा बाहेर काढलं.

पुढच्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. झाकणं गिटारवरून निघाली नाहीत. दुधाच्या पातेल्यावर आम्ही स्टीलची ताटली ठेवतो. ती नीट बसत नाही.