शाल्मलीची उंची

कर्करोगाने कुणी गेल्याचं गडहिंग्लजमध्ये शेवटचं कधी ऐकलं, हे २०६३ साली लोकांना आठवून सांगावं लागे. अठरा वर्षं पूर्ण झाली की सरकारी दवाखान्यात जायचं, दंडाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी कांडी बसवून घ्यायची आणि दर दोन वर्षांनी ती बदलायची, हे मतदार यादीत नाव घालण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. कांडीला कागदोपत्री भलं लांब नाव होतं. लोक तिला ‘पहारा’ म्हणत.

स्वानंद पतंगे शाळेचे गणवेश शिवायचा. मे महिन्यात त्याने आपल्याच मुलीचा, आठवीत जाणाऱ्या शाल्मलीचा, गणवेश बेतायला घेतला. माप घेऊन वहीत लिहिताना त्याची नजर मागच्या पानावर गेली. उंची, छाती, बाही, सगळं तेच होतं. त्याच्या मागच्या वर्षीचंही तेच. त्याने टेप बदलून पुन्हा मोजलं.

“बाबा, नको मोजूस,” शाल्मली म्हणाली. “मला माहितीये. तीन वर्षं मी पहिल्याच बाकावर बसतेय.”

स्वानंदने वही मिटली. हे कशामुळे, ते त्याला शोधावं लागलं नाही.

त्याची बायको केतकी चौतिसाव्या वर्षी गेली होती. तिची आई आणि बहीणही कर्करोगानेच गेल्या होत्या. त्या घराण्यात पहारा कुणाच्या अंगाला मानवला नव्हता, आणि शाल्मलीच्या रक्ताच्या तपासणीत कर्करोगाचा तोच आनुवंशिक दोष निघाला होता. मात्र आईचा नव्हे, बापाचा अंगगुण घेतल्याने पहारा तिला मानवेल, असंही त्या कागदावर लिहिलेलं होतं. अठरा वर्षांपर्यंत थांबण्याचा धीर त्याला झाला नाही. ती दहा वर्षांची असताना त्याने स्वतःच्या नावावर आलेली कांडी ओळखीच्या कंपाउंडरकडून तिच्या दंडात बसवून घेतली. बाराव्या वर्षी बदललीही.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन कोल्हापूरला डॉ. फरीदा मुजावर यांच्याकडे गेला. पहारा तयार करणाऱ्यांपैकी त्या एक होत्या.

डॉक्टरांनी शाल्मलीचा दंड चाचपला आणि त्यांची बोटं एका जागी थांबली. “हे कुणी बसवलं?”

“मीच बसवून घेतलं, मॅडम.”

त्यांनी शाल्मलीला तपासणीसाठी आत पाठवलं आणि दार लोटून घेतलं. “पतंगे, या महिन्यात माझ्याकडे आलेले तुम्ही अकरावे बाप. पाकिटावर लिहिलं होतं ना, वाढत्या वयात देऊ नये म्हणून?”

“वाचलं होतं. वाटलं, सगळ्याच औषधांवर लिहितात तसं लिहिलंय.”

“तुम्ही शिवणकाम करता ना? मग बघा. मशीन विजेवर चालतं. पण नुसत्या विजेने सदरा होत नाही, कापडही लागतं. पेशीला साखर म्हणजे वीज. आणि रक्तात ग्लुटामीन नावाचा एक पोषक पदार्थ असतो, तो कापडासारखा. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर तो भरपूर लागतो. कर्करोगाच्या पेशीला सतत दोनाच्या चार व्हायचं असतं, म्हणून ती तो आत घ्यायला अंगावर ढीगभर दारं उघडते. पहारा ती दारं बंद करतो. गाठ उपाशी राहते.”

“तेच तर मला हवं होतं. कॅन्सरची दारं बंद.”

“कॅन्सरची वेगळी दारं नसतात हो,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “घाईने वाढणाऱ्या प्रत्येक पेशीला तीच लागतात. जखम भरणारी असो, पोटातलं बाळ असो, की मुलीच्या हाडांची टोकं असोत. मोठ्या माणसात मूल हवं असेल तेव्हा तो काढून ठेवतात; बाकी जखम भरायला चार दिवस जास्त लागतात, एवढंच. पहाऱ्याला चोर ओळखता येत नाही. त्याला फक्त घाई ओळखता येते.”

तपासणीचं चित्र पडद्यावर आलं. डॉक्टरांनी ते मोठं करून पाहिलं. मग त्यांनी तीन ठिकाणी बोट ठेवलं. ठिपके मोहरीपेक्षाही लहान होते.

“म्हणजे झालाच?” स्वानंदने विचारलं.

“अजून नाही. उपाशी पडलेत. त्यांच्यातल्या कमजोर पेशी मेल्या असतील. ज्या उरल्या, त्या थोडक्यात भागवायला शिकलेल्या आहेत.”

“काढून टाका ना आत्ताच.”

“इतक्या लहान गाठीला हत्यार लावता येत नाही. आणि एक मेंदूच्या मुळाशी आहे.”

“मग पहारा राहू दे. ती जगेल तरी.”

“जगेल. पण आहे एवढीच राहील. म्हातारी होईल, पतंगे, पण मोठी होणार नाही.”

स्वानंदने पडद्याकडे बोट केलं. “आणि काढला तर?”

“दारं उघडतील. ती वाढेल आणि हेही वाढतील. आधी कोण उचल घेईल, ते मला माहीत नाही. ठरवायचं ते लवकर ठरवा. हाडांची टोकं एकदा जुळली, की पहारा काढूनही उपयोग नाही.”

दार कधी उघडलं, ते दोघांनाही कळलं नव्हतं. शाल्मली उंबऱ्यात उभी होती.

“ते मोठे झाले तर काढता येतील?” तिने विचारलं.

“दोन येतील, बेटा. तिसऱ्याचं आज सांगता येत नाही.”

“माझ्या वर्गातल्या मुली मला कडेवर घेतात. मी तेरा वर्षांची आहे आणि त्या मला कडेवर घेऊन मैदानभर फिरतात. काढा तो.”

“शालू, थांब. जरा विचार करू.”

“बसवताना तू मला विचारलं नव्हतंस, बाबा.”

डॉक्टरांनी पुढे केलेल्या कागदावर स्वानंदने सही केली. कांडी काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दर महिन्याला तपासणीला यायचं, असं ठरलं. दंडावरची जखम चौथ्या दिवशी भरली आणि ती बघून शाल्मली घरभर नाचली.

बाराव्या दिवशी, रविवारी दुपारी, ती जेवायला बसली होती. स्वानंद तव्याशी होता. तिच्या चार भाकऱ्या झाल्या. पिठल्याचं पातेलं तिने पुसून काढलं.

“अजून एक दे. पोटच भरत नाहीये बघ,” ती हसत म्हणाली.

स्वानंदने पाचवी भाकरी तव्यावरून उचलली आणि त्याचा हात तसाच राहिला. ही भूक लागेल, लागायलाच हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बारा दिवस तो त्या भुकेचीच वाट बघत होता. पण समोर बसलेल्या पोरीच्या तोंडून नक्की कोण मागतंय, ती की ते तीन ठिपके, हे त्याला कळेना. गरम भाकरीने बोटं भाजत होती तरी तो ती धरून उभा होता.

“बाबा,” शाल्मलीने ताट पुढे सरकवलं, “वाढ ना.”