एक राहिली

नवतप्याचा सहावा दिवस.

संत्र्याची गोळी, अर्धी चोखलेली, रुमालाच्या टोकाला बांधलेली.

मुठीएवढी किडनी. नारळाएवढी गाठ.

लहान मुलांना जाळत नाहीत. पुरतात.

मागाच्या फणीत ठेवलेली जुन्या सुताची टोकं.

अडीच वाजता गेलेली लाईट.

हे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत, आणि ती माझ्यासोबत घडली आहे. विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. रात्रही नव्हती. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली, नवतप्याच्या नऊ तापलेल्या दिवसांतली, तीस तारखेची भर दुपार होती. नागपूरच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही, अशी दुपार.

मी एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. नाव सांगत नाही. तिथे आम्ही लहान मुलांच्या किडनीतल्या गाठींच्या पेशी काचेच्या चपट्या बाटल्यांत वाढवतो. पेशींचं अन्न म्हणजे गुलाबी पाणी. ते दर तीन दिवसांनी बदलावं लागतं. नाही बदललं की पिवळं पडतं, आणि पेशी मरतात.

काही बाटल्यांवर उन्नतीचा नंबर होता.

उन्नती माझी भाची. उमरेडच्या माझ्या बहिणीची, अस्मिताची मुलगी. चार वर्षांची.

तिच्या ऑपरेशनच्या दिवशी सह्या करायचे बरेच कागद होते. त्यांत गाठीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेला देण्याचाही एक मी सरकवला. अस्मिताने न वाचता सही केली. दादानं दिलेला कागद कोण वाचतं?

प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमनी मला समजावलं होतं. आईच्या पोटात बाळाची किडनी ज्या पेशी बनवतात, त्या काम झालं की थांबतात. एखाद्या बाळात काही थांबत नाहीत. त्यातून गाठ होते. औषधानं गाठीतल्या बहुतेक पेशी मरतात. पण थोड्या मूळपेशी औषध चालू असेपर्यंत नुसत्या झोपून राहतात... आणि मग सगळी गाठ पुन्हा उभी करतात. मॅडमना त्याच हव्या होत्या. त्या पेशींना कशानं मारता येईल, ते शोधायला.

बाटलीत त्या गोल गोल गोळे करून तरंगतात. मोहरीपेक्षाही बारीक.

उन्नतीची गाठ आठ महिन्यांनी परत आली. छातीत.

फेब्रुवारीत आम्ही तिला पुरलं.

बाटलीतल्या पेशी मात्र छान वाढत होत्या. माझा सोबती जितेंद्र म्हणायचा, तुझी भाची आमच्या सगळ्यात हुशार निघाली. त्याला वाईट म्हणायचं नव्हतं. मीही हसलो होतो. ते हसणं मला अजून गिळता येत नाही.

अस्मिताला हे एप्रिलमध्ये कळलं. माझ्याच तोंडून. तिला बरं वाटेल म्हणून मी सांगून बसलो, की उन्नतीचं काहीतरी अजून जिवंत आहे.

तिने रुमालाच्या टोकाला बांधलेली उन्नतीची अर्धी चोखलेली संत्र्याची गोळी चाचपली. मग म्हणाली, "म्हणजे मी अर्धीच पोरगी पुरली."

त्यानंतर तिचं एकच मागणं होतं. सगळी दे. मातीत जाऊ दे. तोवर पोरगी झोपणार नाही.

मी तिला म्हणालो की ती उन्नती नाही, उन्नतीला ज्यानं खाल्लं ते आहे. मॅडमना त्यातून दुसरी पोरं वाचवायची आहेत, हेही सांगितलं. ती म्हणाली, दुसऱ्यांची पोरं दुसऱ्यांच्या मायांनी वाचवावी.

शेवटी मी मॅडमशी खोटं बोललो. बुरशी लागली म्हणालो. उन्नतीच्या सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतलं, रिकाम्या काचा डब्यात घालून अस्मिताच्या हातात दिल्या. तिने त्या उन्नतीजवळ पुरल्या.

सगळ्या नाही.

आमचं घर विणकरांचं. जागेश्वर आजोबा माग कधी पूर्ण रिकामा करत नसत. कापड कापून उतरवलं, तरी जुन्या सुताची टोकं फणीत तशीच ठेवायची. नवं सूत त्यांनाच गाठी मारून ओढायचं. म्हणायचे, टोक सोडलं की माग मेला. मी लहानपणी तेच शिकलो. आजही डब्यातला शेवटचा घास मी ठेवतो.

त्या दिवशी माझ्या हाताने एक बाटली मागे ठेवली. पेशी उबेत ठेवायच्या यंत्राच्या तळाशी, कोपऱ्यात. मी ठरवून नाही केलं.

मग मी ती विसरलो. महिनाभर कोणी तिचं पाणी बदललं नाही.

तीस मेला अडीच वाजता लाईट गेली. जनरेटर चालू झाला नाही. जितेंद्र मेकॅनिकला आणायला गेला. मी एकटा. खोली भट्टी झाली होती.

साडेतीनच्या सुमाराला आवाज आला...

टिक.

टिक. टिक.

काचेवर नखानं टिचकी मारल्यासारखा.

सलाईनच्या नळीतला बुडबुडा घालवायला नर्स टिचकी मारते. उन्नती ते शिकली होती. नळीवर, पेल्यावर, माझ्या चष्म्यावर. तीनदाच मारायची.

मी यंत्राचं दार उघडलं.

बाकी सगळ्या बाटल्या तासाभरात मेल्या होत्या. पाणी गढूळ, पिवळं.

कोपऱ्यातल्या एका बाटलीत... पाणी गुलाबी होतं. आजच बदलल्यासारखं.

मी ती खिडकीच्या उजेडात नेऊन सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर ऊन घेतलं.

गोळे होते. पण विखुरलेले नव्हते. सगळे डाव्या कडेला, एकमेकांवर चढून दाटलेले.

टेबल कललं असेल म्हणून मी बाटली उलटी फिरवली.

ते हलले. सावकाश... सगळे मिळून... परत डावीकडे.

डावीकडे दार होतं.

दार बंद होतं. मी उघडलं.

बाहेर अस्मिता उभी होती. चपला हातात. उमरेडहून एसटीने, भर उन्हात. खाली चौकीदाराने नंतर शपथेवर सांगितलं, की फाटकातून कोणी बाई आलीच नाही.

"एक राहिली दादा," ती म्हणाली.

त्या बाटलीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तुले कोणं सांगितलं वं?"

"चार दिवसांपासून टिचक्या ऐकू येऊन राहिल्या मले. काहून ठेवली गा?"

मी बाजूला झालो. ती आत आली. मी न सांगता तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खूप वेळ.

"ओळखून राहिली ते मले," ती म्हणाली. मग मान वर करून, अगदी शांतपणे, "ओत."

मी ब्लीच ओतलं. गुलाबी पाणी पांढरं झालं. गोळे विरून गेले. अस्मिता बाटली पदरात गुंडाळून घेऊन गेली. रडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

मॅडमचा अभ्यास अर्धवट राहिला. इतक्या चिवट पेशी त्यांना पुन्हा मिळाल्या नाहीत. वॉर्डात आज पाच पोरं आहेत, त्याच गाठीची. त्यांच्या आया लिफ्टमध्ये भेटल्या की मी जिन्याने जातो.

टिचक्या बंद झाल्या.

पण अस्मिता अजून येते. दर सोमवारी, दुपारी. फाटकाबाहेर उभी राहते. काही मागत नाही. एकदा मी खाली जाऊन विचारलं, आता काय राहिलं बाई?

ती म्हणाली, "तूच पाह्य."

मी यंत्र रिकामं केलं. फ्रीज रिकामा केला. कपाटं, खण, कचऱ्याचे डबे पाहिले. काही सापडलं नाही. पण पहिल्या दिवशीसुद्धा मी ठरवून काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्या वेळी, तीस मेला ओतताना, माझ्या हाताने काय केलं, ते मला आठवत नाही.

उन्नतीच्या ऑपरेशननंतर सर्जन बाहेर आले, मास्क खाली केला आणि अस्मिताला म्हणाले, "सगळं निघालं."