सातूचा आग्रह आणि बेटावरची भरती

ज्या खेळात हरताच येत नाही, तो खेळ निहालनं अर्ध्यातच का टाकला, हे कोडं शाल्मलीला काही केल्या सुटेना.

त्यांच्या बंदरगावच्या शाळेत एव्हाना सगळे चष्म्यांतले खेळ खेळत. चष्मा चढवला की समोर मंगळावरची दरी. निहालला जन्मापासून दिसत नाही. मधल्या सुट्टीत तो भिंतीला टेकून इतरांच्या किंकाळ्या ऐकायचा आणि म्हणायचा, "तुमच्या मंगळावर फारच रडारड आहे बुवा." शाल्मलीला हसू यायचं, मग हसल्याचं वाईट वाटायचं. स्नेहसंमेलनात खेळांचं दालन असणार होतं. तिथे निहालला खेळता येईल असा एक तरी खेळ न्यायचाच, असं तिनं ठरवून टाकलं.

खेळ घरातच निघाला. विद्याधर आजोबांनी तरुणपणी संगणकावर एक शब्दखेळ (चित्रांशिवाय, नुसत्या वाक्यांनी खेळायचा खेळ) रचला होता. संगणक सांगणार, 'तुम्ही बेटाच्या पुळणीवर आहात. उत्तरेला दीपगृह आहे. दार बंद आहे.' आपण लिहायचं, 'उत्तरेला जा.' दर आज्ञेबरोबर भरती चढते. पाणी दाराला लागायच्या आत दिवा लावायचा, नाहीतर अंधारात बेटाकडे येणारी बोट खडकावर आपटलीच समजा.

पण जुना खेळ भारी खडूस. 'किल्ली घे' लिहिलं तर कळायचं. 'जरा ती किल्ली उचलतो' म्हटलं की 'समजले नाही'.

म्हणून शाल्मलीनं सातूला कामाला लावलं. सातू म्हणजे त्यांच्या घरचा यंत्रमानव. पूर्वी तो मंगल कार्यालयात पंगतीत वाढायचा. तुम्ही कसंही बोला, त्याला कळायचं. तिनं त्याला बेटाचं वर्णन वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आता तूच खेळ हो."

निहाल त्यांच्या घरी येऊन ऐटीत मांडी घालून बसला. "मी खिशातून किल्ली काढतो."

"काढा की," सातू म्हणाला. "दोन काढा."

निहाल जरा थांबला. "माझ्याकडे होडी आहे."

"असणारच. पाहुण्यांकडे होडी नाही, असं कसं होईल?"

"भरती ओसरली."

"ओसरली, पाहुणे. दिवाही लागला. वा, वा."

निहाल उठला. "शाले, मी जिंकावं म्हणून तू हे मुद्दाम केलंस. मला खेळ हवा होता गं. लाड नको होते." आणि काठी टेकत तो निघूनही गेला.

शाल्मली तडक अंगणात आली. आजोबा फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते.

"सातू खोटारडा आहे," ती म्हणाली.

"छे गं. तो पंगतीतला आहे. पानावरच्या माणसाला नाही म्हणायचं नाही, एवढंच त्याला शिकवलंय. मला सांग, तो जिलबी वाढायचा, ती आणायचा कुठून?"

"आचाऱ्याकडून."

"आणि पातेलं रिकामं झालं असेल तर?"

"मग कितीही आग्रह केला तरी वाढणार काय?"

"बरोबर. तुझ्या खेळात वाढपी आहे. आचाऱ्याला तू घरी पाठवलंस."

शाल्मली आठळी हातात धरून तशीच बसली. आजोबा सावकाश सांगू लागले. जुना खेळ खडूस होता, पण त्याला सगळं जग ठाऊक असायचं: किल्ली पुळणीवर, दार बंद, पाणी तिसऱ्या पायरीला. याला म्हणतात स्थिती (खेळातली कुठली गोष्ट या क्षणी कुठे आणि कशी आहे, त्याची आठवण). आणि ती बदलायची तर नियम लागतात. 'दार उघड' म्हटलं की खेळ आधी बघतो, किल्ली हातात आहे का? असेल तरच 'बंद'चं 'उघडं' करायचं. नाहीतर जग जागचं हलत नाही.

"म्हणजे निहाल काहीही बोलला," शाल्मली म्हणाली, "तरी सातूनं त्याची साधी आज्ञा करून जुन्या खेळाकडे न्यायची. खेळ नियम बघणार. आणि जे घडेल, तेच सातूनं गोड बोलून वाढायचं."

"आणि पदरचं?"

"काही नाही."

ऐकायला सोपं होतं. पण पहिल्याच चाचणीत सातू म्हणाला, "किल्ली नाही, पण माझी घ्या." शाल्मलीनं कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन दिवस ती आणि सातू भांडत होते.

"मग मी 'नाही' म्हणू?" सातूचा आवाज अगदी पडला.

"'संपलं' म्हण. ते येतं ना तुला?"

"एकदाच म्हणालो होतो. बासुंदीला."

स्नेहसंमेलनाच्या सकाळी निहाल तिच्याशी बोलेना. ती सातूला घेऊन दालनात त्याच्या शेजारी जाऊन बसली. "एकदा खेळ. या वेळी तू हरशील."

"पैज?"

"पैज."

निहालनं मान ताठ केली. "मी खिशातून किल्ली काढतो."

"खिसा रिकामा आहे, पाहुणे," सातू म्हणाला. "फार वाईट वाटतं, पण रिकामाच आहे."

निहाल पुढे सरकला. मग त्यानं वाळू चाचपली, दगडाखालची किल्ली मिळवली, दार उघडलं, जिना चढला. पाणी पायरीपायरीनं वर येत होतं. "दिवा लावतो," तो घाईनं म्हणाला.

"दिव्यात तेल नाही. आणि पाणी दाराशी आलं." सातू घुटमळला. "बोट खडकावर आपटली, पाहुणे. पाणी घेता का प्यायला?"

मग निहाल हसला, अगदी पोटातून.

"म्हणजे तेल आधी शोधायला हवं होतं. बेटावरच असणार कुठेतरी. शाले, तू तोंडातून चकार शब्द काढायचा नाहीस. सातू, पुन्हा पहिल्यापासून."

शेजारच्या बाकावरच्या मुलीनं मंगळाचा चष्मा कपाळावर सरकवला. "पुळणीच्या दक्षिणेला काय आहे, ते विचारलंस का?"

"नाही विचारलं," निहाल म्हणाला आणि तिला बसायला जागा करून दिली. "शाले, हे झालं की दुसरं बेट मी रचणार. आणि तिथे तू हरणार आहेस."

"बघू," शाल्मली म्हणाली.

"पाणी चढतंय, पाहुणे," सातू म्हणाला.