निळ्या गाडीची तक्रार

आधी आवाज आला. एवढा, की गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या सीटवालीच्या हातातली सुई थेट बोटात घुसली. बोट चोखत, चार शब्द सुनावायच्या तयारीने ती दुकानाबाहेर आली... तर समोर दोन दारांची, निळीशार, जमिनीला पोट टेकून बसलेली स्पोर्ट्स कार!

दार उघडलं. आधी एक पर्स बाहेर आली, मग एक हात, मग हुकूम – “अरे, ओढ की!” चालवणारा तरुण वळसा घालून धावला आणि विहिरीतून काढावं तसं त्याने आईला बाहेर काढलं. मग पुढची सीट दुमडून मागून वडील निघाले. चांगले उंच गृहस्थ. घडी उलगडावी तसे टप्प्याटप्प्याने उभे राहिले.

“ही आमची रोजची गाडी,” तरुण ओशाळून म्हणाला.

“रोज असंच?”

“रोज. आईची शाळा, भाजी, बाबांचा व्यायाम...”

“व्यायाम तर इथेच होतोय की!”

वडील मोठ्याने हसले. आई मात्र हसल्या नाहीत. “हे बघ बाई, या गाडीच्या सीटा माणसांना बसण्याजोग्या कर. नाहीतर ही गाडी विकून मी चार दारांची आणणार. मग हा रडो नाहीतर लोळो.”

तरुणाचा चेहरा खर्रकन उतरला. शाळेच्या वहीवर जी गाडी काढत तो मोठा झाला होता, ती त्याला जुन्या बाजारात का होईना, मिळाली होती. त्यात तो वाचनालयात ग्रंथपाल!

“ग्रंथपालाची गाडी एवढी ओरडते?” तिने विचारलं.

“दिवसभर मी लोकांना गप्प करतो. घरी जाताना... कुणीतरी बोलायला नको?”

असं म्हणून तो जे हसला, त्यात तिचं बोट दुखायचंच राहून गेलं.

तिने जीव ओतून काम केलं. आईंच्या सीटचा उभा काठ कापून उतरता केला, खाली जाड फोम भरून बैठक उंच केली. पुढच्या सीटची पाठ मागून खोलगट केली, म्हणजे वडिलांचे गुडघे मावतील. त्यांना धरून उठायला छताजवळ एक पट्टा लावला. निळ्या धाग्याची दुहेरी शिलाई तर अशी, की फोम कापणारे तिचे काकासुद्धा चष्मा वर करून म्हणाले, “झकास!”

आठवडा गेला नाही तोच ग्रंथपाल दारात.

“आई... म्हणजे आई म्हणते, पाठीत काहीतरी टोचतंय.”

तिने कव्हर उसवलं, तपासलं, पुन्हा शिवलं. तो शेजारी स्टुलावर बसून पुस्तकांच्या गमती सांगत राहिला. कुणी पुस्तकात खूण म्हणून चपातीचा तुकडा ठेवतं, कुणी कंगवा. ती हसून हसून बेजार.

मग बैठक डावीकडे कलते म्हणून आला. मग फोम दबला म्हणून. तो आला की तिला बरं वाटे, आणि तो गेला की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे. हातात काय खोट आली? तिच्या वडिलांनी विश्वासाने दुकान सोपवलं होतं. आजवर तिचं एकही काम परत आलं नव्हतं, आणि ही एक सीट काही केल्या जमेना!

“असं जमणार नाही,” एक दिवस ती म्हणाली. “सगळ्यांना घेऊन या. मी स्वतः बसून बघते.”

“स-सगळ्यांना?” तो चाचरला. “बाबांना वेळ नसतो हो...”

“रिटायर्ड आहेत ना?”

नाइलाजाने तो आला. आईबाबा मागे बसले, ती पुढे, आईंच्या सीटवर. गाडी चौकातल्या सिग्नलला थांबली, तशी ती मागे वळली.

“काकू, नेमकं कुठे टोचतं?”

“काय टोचतं?”

“पाठीत. आणि सीट कलते म्हणे. फोम दबला...”

“अगं, काहीतरीच काय! इतकी सुखाची सीट आहे, मी शाळेपर्यंत डुलकी काढते! चार दारांचं नावसुद्धा सोडलं मी.”

ग्रंथपालाचे कान लालबुंद झाले.

“म्हणजे... तुम्ही खोटं बोललात?” ती त्याच्याकडे वळली. “गंमत वाटली तुम्हाला? माझ्या हातातली कला गेली म्हणून मी रात्र-रात्र जागत होते!”

दार उघडून ती सरळ फुटपाथवर उतरली आणि चालू लागली.

“अरे, बघतोस काय? जा तिच्यामागे!” मागून आई ओरडल्या. तो गेला – इंजिन चालू ठेवून, दार सताड उघडं टाकून! सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

“थांबा... ऐका तर!” धापा टाकत त्याने तिला गाठलं. “चुकलं माझं. तुमच्या शिलाईत खोट नव्हती, माझ्यात होती. तुम्हाला भेटायचंय असं सांगायला जीभ रेटेना, म्हणून सीटवर ढकललं. मला वाटलं, तुम्ही हसताय म्हणजे सगळं ठीक आहे. तुम्हाला त्रास होतोय हे... कळायला हवं होतं.”

ती चालायची थांबली.

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला. या वेळी अजिबात न अडखळता.

एवढ्यात मोठा गुरगुराट झाला आणि निळी गाडी फुटपाथला येऊन टेकली. स्टिअरिंगवर आई! मागे वडील, दोन्ही हातांनी पट्टा धरून, डोळे गच्च मिटून.

“लोक शिव्या घालायला लागले, मग आलेच मी पुढे,” आई म्हणाल्या. त्यांचे डोळे नुसते चमकत होते. “काय पळते रे ही! उद्यापासून शाळेत मीच नेणार.” मग त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “बोलणं झालं का?”

“नाही,” दोघंही एकदमच म्हणाले.

“मग चालत या,” असं म्हणत आईंनी गाडी अशी दामटली, की वळणापलीकडून वडिलांचं “अगं, हळू!” तेवढं ऐकू आलं.

ती हसू दाबत होती. दाबलं जाईना.

“मी अजून रागावलेली आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“दुकान इथून बरंच लांब आहे.”

“हो...”

“तर मग चला. तोवर राग जातोय का बघू.”

ती निघाली, आणि तो मुकाट्याने तिच्या पावलाला पाऊल लावून चालू लागला.