अकरा मिनिटांची लिफ्ट

लेव्हिन माझ्या आयुष्यात आला तो थेट बसला. तेही बसायचं नसतं तिथे.

डिसेंबरचा पहिला शनिवार होता. गावामागच्या जुन्या लिफ्टला रांग लागली होती. वर सरकणारा दोर, दोराला लटकलेले लाकडी दांडे, आणि एका दांड्याला दोघं. पायात स्की असतात, दांडा मागून टेकवायचा, ताठ उभं राहायचं आणि ढकललं जायचं. एवढंच. मी एकटी होते, तो एकटा होता, म्हणून लिफ्टवाल्या याखेनमामाने आम्हाला एका दांड्याला जुंपलं. याखेनमामा आईचा मावसभाऊ. गावात दात काढणाऱ्यापासून बस चालवणाऱ्यापर्यंत सगळे आमचे नातेवाईकच आहेत.

तिसऱ्या खांबापाशी तो उंच मुलगा खुर्चीत बसावं तसा निवांत दांड्यावर बसला. दांडा खाली गेला, तो खाली गेला, आणि मी त्याच्यावर.

"सॉरी… मला वाटलं, बसायचं असतं."

"सपाटीवरचा का तू?"

"बासेलचा."

"तेच ते."

त्याच्या पापण्यांवर बर्फ होता आणि तो हसत होता. वैताग आला मला. इतकं छान हसायची काय गरज होती?

सोमवारी तो आमच्याच वर्गात हजर. त्याची आई डॉक्टर, खालच्या इस्पितळात तीन महिन्यांसाठी आलेली. तो बाकावर दोन पेन्सिलींनी सतत ढोल वाजवायचा, कारण बासेलच्या कार्निव्हलमध्ये त्यांचं पथक असतं. जानेवारीपर्यंत तो बरा स्की करायला लागला. जानेवारीपर्यंत मी मात्र… जाऊ दे.

आणि फेब्रुवारी संपत आला. शनिवारी त्यांची परतीची गाडी होती. हातात एकच मोकळा दिवस उरला, शाळेच्या सुट्टीचा शुक्रवार.

मी ठरवलं होतं. शुक्रवारी सगळ्यात वर, जिथून ऑस्ट्रिया, इटली आणि आमचं स्वित्झर्लंड अशी तिन्हीकडची शिखरं दिसतात, तिथे त्याला सांगून टाकायचं. गेल्या वर्षी वर्गात हात वर करतानाही माझे कान लाल व्हायचे. या वर्षी अख्ख्या शाळेसमोर मी हिमनदी या विषयावर पंधरा मिनिटं बोलले. मग एक वाक्य म्हणजे काय मोठंसं?

पण त्याने योजना आखली होती.

बुधवारी बेकरीत, अक्रोडाच्या टार्टची ताटली बाजूला सारून, त्याने चौकटींचा कागद पसरला. आठ बाराची बस. आठ एकतीसचा गोंडोला, म्हणजे तारेवरून वर जाणारा बंद डबा. आठ चौपन्नला सूर्याकडे तोंड करून चहा, सहा मिनिटं.

"आठ चौपन्नला तिथे सूर्य नसतो," मी म्हटलं. "साडेदहापर्यंत तो उतार सावलीत असतो. नुसता काचेसारखा बर्फ."

"पण सूर्योदय सात वाजून एक—"

"तो बासेलमध्ये. इथे मध्ये डोंगर आहे, लेव्हिन. त्यालाच बघायला चाललोय आपण."

त्याने शांतपणे खोडलं. मी पुढे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

"ही जुनी लिफ्ट? पाच वेळा? शेजारी चार मिनिटांत वर नेणारा गोंडोला आहे."

"तिथून दृश्य छान दिसतं."

"तिथून गोठ्याची मागची भिंत दिसते. आणि पाण्याची टाकी."

"मला टाकी आवडते," तो म्हणाला आणि बोटांनी टेबलावर ढोल वाजवू लागला.

"आम्ही काय करतो माहितीये? सकाळी खिडकीतून बघतो आणि निघतो. संपली योजना."

"आनिना, एकच दिवस आहे. तो वाया गेला तर मला…" तो थांबला. "टार्ट खा."

माझ्या वाक्याला त्या कागदावर कुठेच जागा नव्हती. शिखरावर म्हणे तीन मिनिटं, आणि त्यातही एक फोटोसाठी.

शुक्रवारी सकाळी मी खिडकीतून बघितलं. दक्षिणेचा गरम वारा सोसाट्याने सुटला होता. छपरावरून पाणी ठिबकत होतं आणि चौकातल्या फलकावर वरच्या लिफ्टचे सगळे दिवे लाल. गोंडोला बंद. शिखर बंद. माझं वाक्यही बंद.

चालू होती फक्त गावामागची ती रटाळ लिफ्ट.

लेव्हिन आठ बाराला बरोब्बर हजर. वाईट वाटून घेणं सोडाच, पठ्ठ्या शीळ घालत होता. मला रडू येईल असं वाटत होतं आणि हा शीळ घालत होता.

"दोघं?" याखेनमामाने दांडा ओढला. "बासेल, ताठ उभा राहा."

दोर हलला. पहिला खांब गेला. मी इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"तुला काहीच वाटत नाही ना? उद्या तू जाणार. तिन्हीकडची शिखरं बघायची सोडून आपण टाकी बघतोय, आणि तू शीळ घालतोस. एवढा कागद रंगवला होतास…"

"कागदातलं महत्त्वाचं ते चालूच आहे की."

"काय महत्त्वाचं?"

दुसरा खांब गेला. त्याची बोटं दांड्यावर ढोल वाजवत होती, भरभर, ताल सोडून.

"गोंडोल्यात आठ जण असतात. चार मिनिटं," तो म्हणाला. "इथे दोघंच. अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून मोजलंय… तीनदा. खांद्याला खांदा लावूनच उभं राहावं लागतं. दुसरा इलाजच नसतो."

मी गोठ्याच्या भिंतीकडे बघितलं. इतकी सुंदर भिंत मी आजवर पाहिली नव्हती.

"पाच गुणिले अकरा," मी म्हटलं.

"पंचावन्न. त्यात कधीतरी बोलायचं धाडस होईल असं वाटलं. आणि तुमच्या स्टेशनपासून बासेल तीन तास त्रेपन्न मिनिटं. लांडक्वार्टला गाडी बदलायची. मार्चमध्ये आलीस तर… तेही काढून ठेवलंय."

"मूर्खा," मी म्हटलं, "डिसेंबरपासून तू मला आवडतोस. याच लिफ्टवर, तू बसलास तेव्हापासून."

तिसरा खांब आला. लेव्हिनने माझ्याकडे वळून बघितलं, आणि तो बसला.

दांडा खाली गेला, तो खाली गेला, आणि मी त्याच्यावर. लिफ्ट थांबली. मागे रांगेतले सगळे जिथल्या तिथे अडकले, आणि भोंग्यातून याखेनमामाचा आवाज साऱ्या खोऱ्यात घुमला, "बासेल, तीन महिने झाले रे बाबा, बसायचं नसतं."

त्याच्या पापण्यांवर बर्फ होता. तो हसत होता. त्याने हातमोजा काढला आणि माझ्या गालावरचा बर्फ अंगठ्याने पुसला… हळूच, जणू घाई कसली ती नाहीच.

"ऊठ," मी म्हटलं. "अजून चार फेऱ्या बाकी आहेत."